चाळीस फुटांची भिंत, चौदा इंचांचं पान

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी संपादकांना एक वार्षिक दुखणं जडलं. गणपती उठले की त्यांना ‘यंदा काहीतरी वेगळं’ करावंसं वाटू लागतं. कथा सालाबादच्याच लेखकांकडून आलेल्या असतात. कवितांचा गठ्ठा माळ्यावर जायच्या बेतात असतो. राशिभविष्य तेवढं सगळ्यांच्या आधी हजर असतं. मुदत कधी संपणार हे त्या एकाच लेखकाला अगोदर कळत असावं. उरतात मधली दोन पानं. नेमकं त्याच आठवड्यात कुणीतरी मोबाईलवर ब्रिस्टलच्या बँक्सीची भिंत दाखवतं आणि संपादक टेबलावर हात आपटून जाहीर करतो : यंदा मधल्या पानांवर रस्त्यावरचा चित्रकार! पण आपल्या भागातला. ब्रिस्टलला कोण जाणार? उचगावला कोल्हापूरची केएमटी बस जाते.

उचगावची निवड तशी बिनचूक आहे. पुणे-बंगळूर महामार्ग आणि कोल्हापूर-हुपरी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. शेजारी गांधीनगर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली कापडाची घाऊक पेठ. त्याच रस्त्यानं पुढे गेलं की हुपरीची चांदी, आणि एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ. इतकी माणसं जिथून जातात तिथली कोरी भिंत बागायती जमिनीसारखी असते. ती पडीक ठेवणं मालकाला परवडत नाही. सिमेंट, बियाणं, बारावीचे क्लासेस, गुडघेदुखीवर खात्रीशीर तेल आणि एखादे ‘भावी’ असं मिश्र पीक तिथे बारमाही उभं असतं. हे सगळं लिहिणारा, रंगवणारा आणि पुढच्या हंगामात पुसणारा माणूस म्हणजे पेंटर.

संपादकाच्या डोक्यातला रस्त्यावरचा चित्रकार मात्र निराळा असतो. तो रात्री बाराला टोपी ओढून येतो, हातात रंगाचा फवारा, मागे पोलीस, आणि सकाळी शहर थक्क. बँक्सीनं आपलं खरं नाव कधी जाहीर केलेलं नाही. मुंबईतही ‘टायलर’ नावानं भिंतींवर चित्रं उमटवणाऱ्यानं चेहरा दाखवलेला नाही. उचगावचा पेंटर सकाळी दहाला डबा घेऊन येतो. शिडी धरायला ग्रामपंचायतीचा एखादा सदस्यच उभा असतो, चहा समोरच्या टपरीवरून येतो, आणि काम संपल्यावर उजव्या कोपऱ्यात ‘पेंटर’ या शब्दापुढे स्वतःचं नाव आणि दहा आकडी मोबाईल नंबर ठसठशीत लिहिला जातो.

‘‘नाव गुप्त ठेवावंसं वाटत नाही का?’’ संपादक विचारतो.

‘‘आणि उधारी कुणाच्या नावानं वसूल करू?’’

‘‘बरं, तुमची प्रेरणा काय?’’

‘‘ॲडव्हान्स.’’

मुलाखतीचे प्रश्न इथेच संपतात, आणि संपादकाला दोन पानांचा मजकूर अजून भरायचा असतो.

म्हणून तो पुन्हा बँक्सीकडे वळतो. २०१० साली मेलबर्नमध्ये पालिकेनं एक गल्ली साफ करायला माणसं धाडली आणि त्यांनी बँक्सीचा पॅराशूटवरचा उंदीर रंगाखाली घालवला. जगभर हळहळ झाली. हा किस्सा उचगावच्या पेंटरला सांगितला तर तो हळहळत नाही, दर विचारतो. कारण स्वतःचंच मागच्या वर्षीचं चित्र चुन्याखाली घालवणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे आणि त्याचे पैसे तो वेगळे लावतो. कायद्याचं म्हणाल तर १९९५ पासून मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात आहे. विनापरवानगी लिहिणारा पकडला जातो. पेंटर त्यात सापडत नाही. तो आधी भिंतीच्या मालकाला गाठतो, मग पार्टीला, आणि ब्रश सगळ्यांत शेवटी भिजवतो.

पानाला वजन यावं म्हणून संपादक एक ‘इतिहासाची चौकट’ घालायचं ठरवतो. कोल्हापुरात या चौकटीला सामान कमी पडत नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) यांनी आनंदराव मेस्त्रींच्या जोडीनं नाटक मंडळ्यांचे पडदे इतके देखणे रंगवले की लोकांनी त्यांचं आडनावच काढून घेतलं आणि धंदा जोडला : बाबूराव पेंटर. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, आणि १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर आज भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सिनेमा-पोस्टरांत गणलं जातं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सिनेमाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या छापील पुस्तिकाही त्यांनी काढल्या. थोडक्यात, भिंत आणि पान ही दोन्ही दुकानं एकाच माणसानं, शंभर वर्षांपूर्वी, कोल्हापुरात बसून चालवली होती. ‘यंदा काहीतरी वेगळं’ म्हणणाऱ्या संपादकाला हे खटकायला हवं. पण चौकटीची शब्दमर्यादा ऐंशी असल्यामुळे तिथवर मजकूर पोचतच नाही.

दुसरं नाव जी. कांबळे. महाराष्ट्र शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलेलं शिवाजी महाराजांचं चित्र या कोल्हापूरकराचं. ज्या कचेऱ्यांत पेंटर लोक बिलासाठी हेलपाटे घालतात, तिथल्या साहेबांच्या खुर्चीमागे बहुधा तेच चित्र असतं. सिनेमाच्या फलकांतही कांबळ्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. के. आसिफनं ‘मुघल-ए-आझम’साठी त्यांना शांतारामांच्या राजकमलमधून ओढून नेलं, आणि फलकांना रंग कमी पडू नये म्हणून विन्सर अँड न्यूटनचा देशभर मिळेल तेवढा साठा उचलला. सहा लाख रुपये त्यात गेले, असं सांगतात. सिनेमा १९६० साली लागला आणि चालला. कांबळ्यांच्या पदरात मात्र ठरलेलं काही पडलं नाही, असंही त्याच दमात सांगतात. उचगावच्या पेंटरला यातल्या भव्यतेचं काही वाटत नाही. त्याच्या डोक्यात प्रश्न एकच : ‘‘रंग उरला आसंल की! त्यो कुणी न्हेला?’’

पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही मुंबईत आधी सिनेमाचे फलकच रंगवत होते. हे चौकटीत मावत नाही, म्हणून ते फोटोओळीत जातं आणि छपाईच्या आदल्या रात्री फोटोसकट उडतं.

आता हिशेब. हायवेकडची भिंत धरा चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच. दिवाळी अंकाची मधली दोन पानं उघडली की साधारण चौदा इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच भरतात. चाळीस फूट म्हणजे चारशे ऐंशी इंच. चौदानं भागा : भिंत चौतीस पट लहान करावी लागते. उंची उरते साडेतीन इंच. वर तीन इंच कोरं, खाली तीन इंच कोरं. दोन फुटी अक्षर पाऊण इंचावर येतं आणि भिंतीशेजारी ब्रश घेऊन उभा असलेला साडेपाच फुटी पेंटर दोन इंचांचा होतो. संपादकाची फर्माईश असते की पेंटर मोठा दिसला पाहिजे आणि भिंतही अख्खी दिसली पाहिजे. पेंटर सात इंचांचा करायचा तर त्याच हिशेबानं भिंत एक्कावन्न इंचांची होते. मग अंक उघडायला घरात दोन माणसं लागतील.

फोटोची गोष्ट आणखी न्यारी. चौदा इंच छापायचे तर इंचाला तीनशे ठिपक्यांप्रमाणे बेचाळीसशे ठिपके लागतात. फोटो येतो पेंटरच्या भाच्याकडून, व्हॉट्सॲपवर, आणि व्हॉट्सॲप तो वाटेत पिळून सोळाशेवर आणून ठेवतं. सोळाशे ठिपक्यांत सव्वापाच इंच नीट छापतात. बाकीच्या पावणेनऊ इंचांत भिंत धुक्यात जाते. पान लावणारा ऑपरेटर कळवळून निरोप धाडतो : ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव भावा.’ भाचा आज्ञाधारक असतो. तो तोच फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवतो आणि डॉक्युमेंट पाठवतो.

शिवाय भिंतीसमोर टेम्पो उभा असतो. रस्त्याकडेच्या भिंतीसमोर टेम्पो नाही असा फोटो आजवर कुणाला मिळालेला नाही. टेम्पोमागे ‘दर्जे’ लपल्यामुळे फोटोत ‘दार बियाणे’ एवढंच दिसतं. ऑपरेटर संगणकावर टेम्पो पुसतो. पुसल्या जागी ‘दर्जे’ आपोआप उगवत नाही, तेव्हा तो फाँटांच्या यादीत शिरतो.

तिथे वेगळाच घोळ वाट बघत असतो. ब्रशनं लिहिल्यासारखी दिसणारी देवनागरी शोधताना त्याला जी वळणं मिळतात त्यांतल्या अनेकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी धाटणीचे निघतात. मराठी ल आणि श कसे काढावेत हे महाराष्ट्र शासनाला २००९ साली निर्णय काढून सांगावं लागलं. पेंटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा ल पहिल्यापासून मराठीच आहे, पाकळीसकट. हनीफ कुरेशी (१९८२-२०२४) या कलाकारानं ठिकठिकाणच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकी फाँट करण्याचा उद्योग मांडला होता. म्हणजे भिंतीवरून उचललेलं अक्षर संगणकात जातं, संगणकातून फ्लेक्सवर येतं, आणि तो फ्लेक्स ज्या पेंटरच्या अक्षरावरून निघाला त्याच्याच पोटावर बसतो.

कोल्हापूरकर फ्लेक्सला ‘डिजिटल’ म्हणतात. वाढदिवस असला की ‘डिजिटल लागलंय’. दीड दिवसाचं पेंटिंग अर्ध्या तासात छापून मिळायला लागलं तशी पेंटरांची फळी पांगली. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, तेव्हा पेंटर मंडळींना वाटलं, आता आपले दिवस येणार. २०२२ साली कायदा बदलून लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हा पुन्हा तसंच वाटलं. पाट्या खरोखरच बदलल्या. ॲक्रिलिकच्या लागल्या, आत दिवे असलेल्या.

पेंटरला तारलं ते सरकारनं. जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘बोलक्या भिंती’ हव्या असतात : अननसापासून ज्ञानेश्वरांपर्यंत मुळाक्षरं, पाढे, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० च्या सुमारास सुरू झालं तशी गावोगावी भिंतींवर झाडू, शौचालयं आणि घोषणा चढल्या. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या कलेचा सर्वांत मोठा आश्रयदाता ग्रामसेवक आहे, हे वाक्य संपादकाला मथळ्याला घ्यावंसं वाटतं. सहसंपादक त्याला आवरतो. मथळा ठरतो ‘रंगयात्री’. दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या अंकात तो येतच असतो.

एव्हाना पानाला मुख्य दुखणं जडलेलं असतं, ते म्हणजे घडी. अंकाची बाकीची समोरासमोरची पानं वेगवेगळ्या कागदांवर छापून एकमेकांशेजारी येतात. चित्र जुळलं तर जुळलं. मधली दोन पानं हाच एक सलग कागद. म्हणून तिथे रुंद चित्र टाकायचं. पण पिनाही नेमक्या तिथेच मारतात. भिंतीच्या मध्यावर पेंटरनं पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी काढलेली गाय आहे, सुरेख, डोळ्यांत काजळ असावं अशी. घडी बरोबर तिच्या अंगावर. वरची पिन पाठीत बसते, खालची कासेत.

संपादक हादरतो. ‘‘गाईला पिना? पेटवतील अंक!’’

कुणी सुचवतं, ‘आवाज’सारख्या खिडक्या कापू, मधुकर पाटकरांनी खिडकीचित्रांवर पिढ्यान्‌पिढ्या वाचक झुलवले. भिंतीला खिडक्या आहेतच, त्याच कापायच्या. कल्पना सगळ्यांना पसंत पडते. मग छापखानेवाला कटिंगचा दर सांगतो, आणि खिडक्या बंद होतात.

शेवटी पेंटरलाच बोलावतात. तो खुर्चीच्या काठावर बसून पडद्याकडे बघतो आणि विचारतो, ‘‘घडी कुठं पडणार, ते आधी विचारलासा का?’’ त्याला हा प्रश्न नवा नसतो. त्याला आजवर कोरी सलग भिंत कुणी दिलेलीच नाही. मध्ये वीज मीटरची पेटी असते, पावसाळी पाइप असतो, मालकाच्या न्हाणीघराची जाळी असते. शटरवर लिहायचं तर पन्हाळी पत्र्यावर अक्षर चढतं-उतरतं. तो आधी अडचणी मोजतो, मग उरलेल्या जागेत जाहिरात बसवतो. पाइप दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेत जातो आणि पेटी बैलाच्या झुलीत मिसळते. गाय जराशी डावीकडे सरकवली की घडी शेपटीच्या आणि मथळ्याच्या मधून जाते, हे तो चहा यायच्या आत सांगतो.

भिंतीवर त्याचं काम बघण्यासारखं असतं. दोन टोकांना दोन खिळे. मध्ये सुतळी, निळीत बुडवून पिळलेली. ताण बसला की पेंटर मधोमध चिमटीत धरून ती मागे ओढतो आणि सोडतो. टप्. चुन्यावर चाळीस फूट निळी रेघ. बारीक धुरळा त्याच्या बनियनवर बसतो. तीच रेघ अक्षरांची शिरोरेषा. पुढे सगळा मजकूर तिला लोंबकळणार. मग तो डावीकडून सुरुवात करत नाही. मजकुरातली अक्षरं मोजतो, काना-वेलांटीला किती जागा जाईल ते बोटांनी मापतो, मधलं अक्षर मधोमध खडूनं टाकतो आणि दोन्हीकडे सरकत जातो. एका हातात टोकाला चिंधी बांधलेली काठी. ती भिंतीला टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचं, म्हणजे ओला रंग पुसत नाही. चेहरा काढायचा असला की फोटोवर चौकटी आखतो, भिंतीवर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी, आणि एकेक घर भरत जातो. साठच्या वेगानं जाणाऱ्या मोटारसायकलवरून किती शब्द वाचून होतात याचाही त्याचा अंदाज पक्का असतो : पाच. सहावा शब्द पार्टीच्या हट्टासाठी.

ऑपरेटर पडद्यावर निळ्या आडव्या-उभ्या रेघा ओढत असतो.

‘‘ह्या कसल्या, बाळ?’’

‘‘गाइड. मजकूर सरळ बसावा म्हणून.’’

‘‘छापून येत न्हाईत न्हवं?’’

‘‘नाही.’’

‘‘आमच्याबी पुसतो आम्ही.’’

यानंतर दोघांचं फार जमतं. ऑपरेटर स्टूल ओढून त्याला शेजारी बसवतो. पेंटर कितीतरी वर्षं पानंच लावत आला आहे, फक्त उभ्यानं आणि उन्हात. संपादकाचे हात मजकुरात गुंतलेले असताना ही दोघं मिळून गाय हलवतात, ‘रंगयात्री’ची शिरोरेषा भिंतीवरच्या शिरोरेषेला जोडतात आणि ‘दर्जे’ ही अक्षरं पेंटर कागदावर ब्रशनं लिहून देतो. फाँटांची यादी बंद होते.

रंगाचं तेवढं जमत नाही. ऑइल पेंटचा भडक लाल छापखान्याच्या चार शायांतून विटकरी होऊन उतरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतली चित्रकला सोडली ती रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून, आणि पुढे ते नांगराकडे वळले. उचगावच्या गाईचा लाल दोरखंड प्रूफावर पाहिल्यावर पेंटरलाही नांगराचे विचार येतात. पार्श्वभूमी कुठल्या रंगाची ठेवायची यावर संपादक दोन दिवस झुरतो. भगवा घेतला तर एक पक्ष, निळा घेतला तर दुसरा, हिरवा घेतला तर फोन, आणि निवडणुका तोंडावर. अखेर राखाडी ठरतो. त्या रंगाला अजून कुणी उमेदवारी दिलेली नाही.

छपाईच्या दिवशी दुपारी सराफांचा फोन येतो. दरवर्षी मधल्या पानांवर त्यांचा हार असतो. यंदा काय झालं? संपादक कलेबद्दल चार वाक्यं बोलतो. सराफ ती ऐकून घेतात आणि मागच्या वर्षीच्या चेकचा आकडा सांगतात. वर तीन इंच आणि खाली तीन इंच कोरं होतंच. खालच्या तीन इंचांत सराफांचा हार बसतो, वरच्यात पतसंस्थेच्या संचालक मंडळाचे पासपोर्ट फोटो, एका ओळीत, शुभेच्छांसह. पेंटर वाईट वाटून घेत नाही. भिंतीवरही शेवटी ‘सौजन्य’ येतंच. त्याची मागणी एकच : मोबाईल नंबर वाचता आला पाहिजे. ‘हे साहित्यिक पान आहे,’ असं म्हणून संपादक नकार देतो. पतसंस्थेचे तीन फोन नंबर त्याच पानावर असतात.

वसुबारसेला अंक उचगावात पोचतो. टपरीपाशी पंधरावीस जण जमतात, भाचा मधलं पान उघडून धरतो, आणि लोक संचालक मंडळातले चेहरे ओळखण्यात रंगतात. पेंटर अंक हातभर लांब धरतो, एक डोळा मिटतो. बांधणीत कागद जरासा फिरलेला आहे. चाळीस फुटांची भिंत डावीकडून उजवीकडे उतरत गेली आहे, आणि गाय तिच्यासोबत. तो ऑपरेटरला फोन लावतो.

‘‘बाळ, छापखान्यात कुणी दोरी मारली न्हवती व्हय?’’